एकच गोळी

लढाईत पडलेल्या भिवाच्या दर श्राद्धाला त्याच्या पलटणीतला केरबा हवालदार भिवाच्या आईपुढं लुगडं ठेवायचा आणि तेच सांगायचा, "आये, एकच गोळी. पोराला कळलंबी न्हाई."

यंदा अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीनं लुगडं बाजूला सारलं. "वीस वर्सं ऐकतीया रं. पायात काटा मोडला तरी 'आये' म्हणून गाव गोळा करायचा माझा भिवा. आन् मरताना मलाच इसरला?"

केरबाच्यानं राहवेना. "न्हाई गं आये! तुलाच हाका मारत हुता. बर्फात पडून, दिवस मावळंस्तवर."

म्हातारीच्या सुरकुत्यांत दिवा लागल्यागत झालं. केरबाचा हात तिनं छातीशी घट्ट धरला. मग बोटं हळूहळू सैल झाली.

"दिवस मावळंस्तवर? आन् तुमी कुठं हुता?"

"दगडाआड, आये. चाळीस पावलांवर."