सावनदुर्गाची उतरण

सावनदुर्गाच्या माथ्यावर ऊन होतं आणि खाली नुसतं धुकं. जानेवारीतल्या त्या रविवारी सगळे कड्याजवळ बसून डब्यातलं चित्रान्न, लिंबू पिळलेला भात, खात होते. उल्हास उभ्यानंच बोलत होता. एरवी तो पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, पण सुट्टीच्या दिवशी माणसं जमवून डोंगर चढायचा त्याला भारी नाद.

"इथं हट्ट चालत नाही," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात नंदू म्हणून एक होता. लाख सांगितलं, ऐकेना. एकटाच पुढं उतरला आणि धुक्यात गेला तो गेलाच."

सुचेतानं हातातला घास खाली ठेवला. नंदू तिचा पाठचा भाऊ. तो गेला तेव्हा उल्हास घरी भेटायलाही फिरकला नव्हता, त्यामुळं तिला ओळखत नव्हता. सासरचं आडनाव सांगून ती आज आली होती, ती एकदा कड्यावर त्याच्या पाठीमागं उभं राहायला मिळावं म्हणूनच.

खाणं आटोपलं. बाकीचे फोटो काढून कॅमेऱ्यातले रोल संपवायला पलीकडं गेले. उल्हास कड्याच्या टोकाशी जाऊन खाली बघत राहिला. सुचेता त्याच्या मागं गेली. तिनं दोन्ही हात उचलले. एक धक्का, बस्स. लोक म्हणाले असते, पाय घसरला.

मग तिच्या मनात आलं, हा तर क्षणात सुटेल. आई वर्षभर सुटलेली नाही.

तिनं हात खाली घेतले. "उल्हासअण्णा, नंदूचा देह सापडला तेव्हा घोटा मोडलेला होता. मोडक्या पायानं तो पुढं कसा गेला?"

तो गर्रकन वळला. "तुम्ही कोण?"

"त्याची अक्का."

उल्हासचा चेहरा पांढराफटक पडला. आपण किती टोकाला उभे आहोत, हे त्याला आत्ता कळलं. ती वाटेतून हलली नाही.

"तो हाका मारत होता?"

"हो." त्यानं खालच्या धुक्याकडं पाहिलं. "सगळे पुढं गेले होते. आम्ही दोघंच मागं. धुकं दाटलं, मी घाबरलो. म्हटलं, खाली जाऊन माणसं आणू."

"आणलीत?"

त्यानं मान हलवली. नाही.

"हाका कुठवर ऐकू येत होत्या?"

"पायथ्यापर्यंत."

सुचेता बाजूला झाली. "चला. आई बनशंकरीहून पहिल्या बसनं आलीय, खाली देवळात बसलीय. हे तिला सांगायचं. तुमच्या तोंडानं."

उल्हास टोकापासून मागं सरला. तो खडकावर बसला. "अक्का, स्वल्प थांबू या. धुकं तरी विरू दे."

"थांबते," सुचेता म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

ऊन चढत गेलं. खालचं धुकं विरलं, आणि पायथ्याचं देऊळ लख्ख दिसू लागलं.