कपाळातला उजेड

डोळे मिटून घेतलेत तरी चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण मावशींनी उलट दुर्बिणीचा पडदाच आपल्या बाजूला वळवून मागितला.

नाकात औषधाच्या वाती घालून वीस मिनिटं झाली होती. नाक, गाल, वरचा ओठ, सगळ्याचं लाकूड झालं होतं. बाहेर बाकावर नवरा बसला होता. पूर्ण भूल न देता, खुर्चीत बसवून, कपाळापर्यंत तार घालणार हे ऐकूनच त्याने आत यायला नकार दिला होता. मावशींना मात्र कालपासून एकच प्रश्न छळत होता. एवढ्याशा वाटेने हे लोक जातात तरी कसे?

कपाळातल्या सायनसची वाट चार वर्षं बुजलेली होती. दुरुस्तीच्या घड्याळावर मान वाकवली की अर्ध्या तासात भुवईवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं व्हायचं. ज्या हातांनी तीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, ते हात आता दुकानात नुसते सेल बदलत होते.

दुर्बीण आत शिरली आणि पडद्यावर ओलसर गुलाबी गुहा उघडली. मावशी बघतच राहिल्या. हे काय, ते काय, असं बोबड्या ओठांनी विचारत सुटल्या. डॉक्टर वयाने त्यांच्या लेकीएवढ्या. पण न कंटाळता सांगत होत्या. या तारेच्या टोकाला बारीक दिवा आहे. तार बरोबर पोकळीत पोचली की बाहेरून कपाळावर उजेड दिसतो. मग तारेवरून फुगा सरकवायचा, काही क्षण फुगवायचा, की वाट मोकळी.

नर्सने खोलीतला दिवा बंद केला. तार आत गेली. उजेड दिसला तो डोळ्याच्या कोपऱ्याशी. डॉक्टरांनी ती मागे घेतली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. आता एकदाच बघू, त्या म्हणाल्या. नाही जमलं तर आज थांबू, पुढे कधीतरी पूर्ण भूल देऊन करू.

पुन्हा सगळं पहिल्यापासून, मावशींच्या मनात आलं. पडद्यावर तारेचं टोक आतल्या कातडीच्या त्याच घडीशी येऊन टेकलं. दुखलं तर वर करा म्हणून सांगितलेला हात मावशींनी उचलला. डॉक्टर जागच्या जागी थांबल्या.

“दुखतंय का, मावशी?”

“नाही. जरा वेळ काहीच करू नका. मला घाई नाही.”

नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी तार मागे घेतली, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, खांदा सैल सोडला. मग टोक किंचित फिरवून तार नुसती पुढे जाऊ दिली. ती घडीच्या मागे वळली आणि कुणी गिळल्यासारखी दिसेनाशी झाली.

“आलं,” नर्स पुटपुटली आणि तिने आरसा समोर धरला. अंधारात, मावशींच्या डाव्या भुवईच्या वर, नाण्याएवढा लाल उजेड पेटला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळांची पोटं उघडून पाहिलेल्या मावशी, आतून उजळलेल्या स्वतःच्या कपाळाकडे एकटक बघत राहिल्या.

फुगा फुगला तेव्हा डोक्यात वाळका पाला चुरगळल्यासारखा आवाज झाला. डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. मग तार, दुर्बीण, सगळं बाहेर निघालं आणि खोलीत दिवा लागला. मावशींनी कामाला बसताना वाकवतात तशी मान खाली घातली. चक्कर आली समजून नर्स धावली. मावशींनी तिला हातानेच बाजूला केलं. कपाळ अजून बधिर होतं. पण आत कुठेतरी, खूप वर, गार हवेची एक बारीक रेघ शिरत होती.

डॉक्टर हातमोजे काढत होत्या. मावशी दारापर्यंत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “माझा हात अडलाय, हे तुम्हाला कसं कळलं?”

“हात कुठे दिसत होता मला,” मावशी म्हणाल्या. “तुमचा श्वास थांबला होता. स्प्रिंग बसवताना, जोर लावायच्या आधी माझाही थांबतो.”

त्या गेल्या. नर्स पुढच्या पेशंटला हाक मारायला निघाली, तशी डॉक्टरांनी तिला खुणेनेच थांबवलं. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला, आणि खिडकीशी उभं राहून सावकाश श्वास घेतला.