रंगगिरणीच्या खोल्या

"आजी, खुर्ची बाजूला घ्या. यंत्र आत यायचंय."

"येऊ दे की. माझ्या अंगावरून येऊ दे."

पहिल्या खोलीच्या दारातच म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. तिच्यामागे नदीकाठच्या बावीस खोल्यांतली माणसं उभी होती. पाडकामाचा मुकादम यंत्रावर बसून घाम पुसत होता आणि कंपनीचा कारकून फाइल चाळत होता.

"या खोल्या गिरणीच्या आहेत," कारकून म्हणाला. "यांच्याकडे एक तरी कागद आहे का?"

"कागद नाही. मी आहे. लिहून घे."

कारकुनाने कंटाळून पेन काढलं.

"इथे सूत रंगवायचे. सकाळी नदी लाल, संध्याकाळी निळी. पाण्याकडे बघून बायका सांगायच्या, कुठली पाळी चालू आहे. मग एका दुपारी बॉयलर फुटला. बावीस रंगारी गेले. भोंगा मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर वाजला."



"त्यांच्या बायका फाटकाशी अकरा दिवस बसल्या. शेवटी मालक बोलला, खोल्या त्यांच्याच, पिढ्यान्‌पिढ्या. जेवता जेवता बोलला. कागद करायचं मात्र आज-उद्या करत राहिला आणि गेला."

"जेवताना काय बोलले ते तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी वाढत होते."

कारकुनाने 'स्वयंपाकीण' असं लिहिलं. "स्वयंपाकिणीच्या शब्दावर जमीन सुटत नसते, आजी."

"मग पोलीस बोलाव. मी उठायची नाही. हेही उठायचे नाहीत. यांच्या सासवांनी अकरा दिवस काढले, यांना काय धाड भरलीय?"

मागे हशा पिकला. कुणीतरी दुसरी खुर्ची आणली, कुणी तिसरी. बघता बघता गल्लीभर स्टुलं, बाकडी, उपडे डबे मांडले गेले. त्यांवर लोक ठाण मांडून बसले.

मुकादमाने यंत्र बंद केलं. "माणसांवर घालायला मी नाही आलो," तो म्हणाला आणि खाली उतरला.

कारकून रडकुंडीला आला. "अहो, माझी नोकरी जाईल! आमच्या साहेबांना तुम्ही ओळखत नाही. कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत ते."

"स्वतःच्या बापाचंही कधी ऐकलं नाही त्यानं," म्हातारी म्हणाली. "जा, त्याला म्हणावं, आईनं बोलावलंय."