किनाऱ्याचा रस्ता

सुट्टीभर ती लेकीबरोबर समुद्रात मनसोक्त डुंबली, पण लांब बाह्यांचा कुडता तिने एकदाही उतरवला नाही. परतताना हायवे सोडून तिने गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला घातली. पर्समध्ये नवऱ्याचे फोनवर फोन वाजत होते. मागून एखादी गाडी आली, की तिची नजर आरशाकडे धावायची.

"आई, आपलं घर इकडे कुठंय?"

"जरा लांबून जाऊ गं. समुद्र दिसतो." घरी जायचंच नाहीये, हे एवढ्याशा पोरीला सांगायचं तरी कसं?

लेक खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "ठाऊक आहे मला. तू माझं शाळेचं सगळं दप्तर भरून आणलंयस, ते काय वाळूत अभ्यास करायला?"