कारणाचा रकाना

"काही करत नाही तो," मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला, आणि सिस्टरने पट्ट्याचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.

आवाजाच्या आधी कुत्रा येत होता. भला थोरला, तपकिरी, गळा मोकळा. मागून 'राजा, राजा' अशा हाका येत होत्या, पण राजाच तो, कुणाचं ऐकतो.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला वाघीण होती, सिस्टरची कुत्री. कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या कुणीतरी थट्टेने ठेवलेलं नाव. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. सात आठवड्यांपूर्वी घरी आली तेव्हा पंधरा दिवस पलंगाखालून बाहेर निघाली नव्हती. सिस्टरने तिला एकदाही ओढून काढलं नाही. दवाखान्यातल्या ड्यूटीवरून आली की फरशीवर बसायची, तळहात उघडा ठेवायची आणि थांबायची. आज वाघीण पहिल्यांदाच मैदानातल्या बाकापर्यंत चालत आली होती.

"काका, त्याला धरा. ही घाबरते."

"अहो ताई, खेळायला येतोय बिचारा," ट्रॅकसूटवाले काका म्हणाले. त्यांची चाल काही वाढली नाही. "सवय होऊ द्या की तिला."

राजा येऊन आदळला. वाघीण सिस्टरच्या पायांभोवती फिरली, पट्टा गुंडाळत गेला आणि संपला. मागे बाक, अंगावर राजा. तिने शेपूट पोटाशी घेतलं, तोंड वळवलं, जमिनीला चिकटली. तिला जे जे करता येत होतं ते सगळं तिने करून पाहिलं. राजाने पुन्हा उडी घेतली, त्याला मागे खेचायला काकांनी मध्ये हात घातला, आणि वाघिणीचा दात काकांच्या बोटात गेला.

काका रक्ताच्या दोन थेंबांकडे बघत राहिले. "चावली," ते म्हणाले. "विनाकारण चावली."

"साबणाने धुवा, पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याखाली. आणि लगेच दवाखाना गाठा," पायांतला पट्टा सोडवता सोडवता सिस्टर सवयीने बोलून गेली.

घरी पोचताच वाघीण पलंगाखाली गेली. सात आठवडे पाण्यात गेले. सिस्टरने कपडे बदलले आणि कामावर निघाली, पण कुलूप लावलं की नाही हे बघायला जिन्यावरून दोनदा परत आली.

दवाखान्यात सव्वादहाला डॉक्टरांनी आतून इंजेक्शनची चिठ्ठी पाठवली आणि चिठ्ठीमागून काकाच आले. पांढऱ्या कपड्यांतली सिस्टर त्यांनी एका नजरेत ओळखली.

"तुम्हीच का. बरं झालं. लिहून घ्या, विनाकारण चावली म्हणून."

तो शब्द काय करू शकतो हे सिस्टरला चांगलं ठाऊक होतं. या गावात रजिस्टरमध्ये 'विनाकारण' पडलं, की कुत्रं परत निवाऱ्यात जायचं, आणि तिथून पुन्हा कुणाच्या घरी जायचं नाही.

"आधी इंजेक्शन," ती म्हणाली. "बाही वर करा."

बाही वर झाली आणि काकांची नजर ट्रेमधल्या सुईवर गेली. त्यांचा गुडघा हलायला लागला. आधी हळू, मग टेबलावरची कापसाची बरणी वाजेल इतका. त्यांनी दंड छातीशी ओढून घेतला.

'काही करत नाही हो ती सुई.' काकांचंच वाक्य सिस्टरच्या जिभेच्या टोकावर होतं. सकाळपासून तिथेच बसलं होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

"एक मिनिट," काका म्हणाले. "मला धरू नका."

एरवी ती धरायचीच. बाहेर रांग लागलेली असते, कोपर पकडायचं, टोचायचं, पुढचा. तिचा हात निघालाही होता. तो तिने टेबलावर ठेवला, तळवा वर करून.

"नाही धरत. थोडं दुखेल. तुम्ही हात पुढे कराल, मगच टोचणार."

बाहेर कुणीतरी मुद्दाम खोकलं. दारातून एक डोकं आत डोकावून गेलं. सिस्टर हलली नाही. बऱ्याच वेळाने काकांचा दंड इंचाइंचाने टेबलावर आला.

"झालं," कापूस दाबत ती म्हणाली, आणि रजिस्टर पुढे ओढलं.

नाव. वय. जखम कुठे. कुत्रा पाळीव की भटका. इथे पेन थांबलं. 'भटका' लिहिलं की प्रश्न मिटला, भटक्याला कोण शोधत बसतं. काका तर भिंतीकडे बघत होते. तिने 'पाळीव' लिहिलं, आणि पुढे स्वतःच्या घराचा पत्ता.

उरला शेवटचा रकाना.

"कारण?" तिने विचारलं. "तुम्ही सांगाल ते लिहिते."

काकांनी गुडघ्यावर तळवा दाबून धरला होता. गुडघा अजून त्यांचं ऐकत नव्हता.

"होतं," ते म्हणाले. "कारण होतं." मग बाहेरच्या रांगेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "मघाशी तुम्ही माझा हात धरला असतात ना सिस्टर, तर मीही चावलो असतो."