दोघांचं टेबल

"मॅडम येऊन राहिल्या का, सर?" दुसरी ताटली मांडता मांडता वेटरनं विचारलं.

"इथंच हाय ती," गौतम म्हणाला. वेटरला काही उमगलं नाही. तो मेनूकार्ड ठेवून निघून गेला.

सौंसरबाहेर, पांढुर्ण्याच्या रस्त्यावर हे नवं हॉटेल उघडलं होतं. भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं, टोपल्यांच्या आत दिवे लावलेले. मालकानं हौसेनं सगळं गाव आत आणलं होतं, फक्त गावातलं कोणी बसलेलं दिसत नव्हतं. आणि मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी चूल. चुलीवर उलटं मडकं, आणि मडक्यामागे गौतमची बायको प्रज्ञा. दोन्ही हातांवर कणीक लांबवत लांबवत ती मडक्यावर टाकायची आणि लोक मोबाईल काढून तिचं शूटिंग करायचे. अंगावर नऊवारी, नाकात नथ. घरी तिनं नऊवारी कधी नेसली नव्हती.

हॉटेल उघडल्यापासून दोघांची गाठ अशी पडतच नव्हती. हा पहाटे बोरगावच्या कारखान्यात, ती संध्याकाळपासून इथं. ती परतायची तेव्हा हा झोपलेला, हा उठायचा तेव्हा ती. झाकून ठेवलेल्या ताटाचा गौतमला अगदी वीट आला होता. पूर्वी रोज शेवटच्या रोटीवरून त्यांचं भांडण व्हायचं. शेवटची हमखास करपायची, प्रज्ञा ती गुपचूप आपल्या ताटात घ्यायची, आणि हा ओढायचा. अर्धी अर्धी केल्यावर भांडण मिटायचं. गौतमला तेवढंच हवं होतं, तिच्यासमोर बसून एकदा जेवायचं. जेवणाच्या सुट्टीत तुमच्या टेबलावर येऊन बसते, असं ती फोनवर म्हणाली होती.

बराच वेळ ती आली नाही, तेव्हा तो उठून चुलीपाशी गेला.

"मॅनेजर नाही म्हन्ते," मान वर न करता प्रज्ञा म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसाचं नाही म्हन्ते."

"मी तुहा नवरा होय ना."

"मंग का झालं? अंगावर साडी त्याईची हाय."

गौतम जागेवर येऊन बसला. वांग्याची भाजी आली, तिच्यावर साय ओतलेली. चवीला गोडच. रोटी रुमालासारखी घडी घालून आली, वर कोथिंबीर पेरलेली, कुठं एक डाग नाही. प्रज्ञाच्याच हातची होती, पण एक तुकडा मोडून त्यानं बाकीची तशीच ठेवली. त्याला तिची आठवण येत होती, आणि ती तर समोरच उभी होती.

"ही ताटली उचलू का, सर?" वेटर पुन्हा आला.

"राहू द्या. एक रोटी आना."

प्रज्ञानं कणीक घेतली, लांबवली, मडक्यावर टाकली. मग तिनं गौतमकडे पाहिलं. त्याच्यासमोरच्या रिकाम्या ताटलीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. मडक्यावरून धूर निघाला. बिघडलेल्या रोट्या टाकायला चुलीखाली बादली होती. तिनं रोटी उचलली, बादलीकडे एकदा बघितलं, आणि रोटीचे दोन तुकडे केले.

वेटर खजील होऊन आला. "सॉरी सर, करपली. अन् अर्धीच दिली. बदलवून आनतो."

"नका," म्हणत गौतमनं ताटलीवर हातच ठेवला.

वेटर गेल्यावर त्यानं काळा पडलेला काठ मोडून तोंडात घातला आणि चुलीकडे पाहिलं. प्रज्ञा सगळ्या गिऱ्हाइकांकडे पाठ करून उभी होती. नथ काढून तिनं मुठीत धरली होती, आणि तिचा गाल हलत होता.