सहा घंटे

लढाईसाठी सरकारनं गोंदियाजवळच्या धानाच्या बांध्या बुजवून विमानांची पट्टी बांधायला काढली. त्यात रुख्माचीही बांधी गेली. तरी ती त्याच जमिनीवर दुरमुसानं मुरूम ठोकायला गेली. जपान्यांनी रंगून घेतल्याला दोन वर्षं झाली होती आणि तिथल्या भातगिरणीत कामाला गेलेल्या खुशालची, तिच्या एकुलत्या पोराची, काहीच खबर नव्हती.

"मुकादम, इथून रंगून किती दूर हाय जी?" ती रोज विचारायची.

"रेल्वे अन् मंग जहाज, म्हणजे आठ दिवस. विमानानं सहा घंटे," ईश्वरदास मुकादम रोज तेच सांगायचा.

सहा घंटे ऐकलं की तिच्या हाताला जोर यायचा. दुसऱ्या बायांनी ठोकलेला मुरूमही ती पुन्हा ठोकायची.

पहिलं विमान उतरलं त्या दिवशी ती घरी कांडलेल्या पोह्यांचं गाठोडं घेऊन आली.

"विमानवाल्या साहेबाले द्या जी. गिरणीत खुशाल म्हणून इचारलं तं कोणीबी सांगन."

मुकादमानं हात पुढे केला नाही.

"काऊन जी?"

"विमान तिथं उतरत नाही, बाई. वरूनच बम टाकते अन् वापस येते."

रुख्मा त्या सपाट, टणक पट्टीकडे पाहत राहिली. मग गाठोडं पोटाशी धरून तिनं विचारलं, "मुकादम, इथून रंगून किती दूर हाय जी?"

ईश्वरदास बाकीच्या बायांची हजेरी घ्यायला वळला.

"आठ दिवस म्हणा ना जी."